खणलेली नदी

गुरुजी, उद्या वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून बघा. "नदी कुणी खणली?" मुले हसतील. विहीर खणतात, पाट काढतात, तळे खोदतात. पण नदी कशी खणणार? ती डोंगरात उगम पावते आणि आपली वाट आपण काढत समुद्राला मिळते. मुलांचे म्हणणे बरोबरच आहे. पण थायलंडच्या राजधानीत, बँकॉक शहरात, हाच प्रश्न एखाद्या जाणत्या माणसाला विचारला तर तो हसणार नाही. तो नदीकडे बोट करील आणि म्हणेल, "हा समोरचा तुकडा माणसांनी खणला आहे. पाचशे वर्षे होत आली त्याला."

श्रोतेहो, आज आपल्याला याच नदीतून बोटीने फेरी मारायची आहे. जगभरचे प्रवासी या फेरीसाठी बँकॉकला जातात. सोनेरी कळस पाहतात, फोटो काढतात, संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात बोटीवर जेवतात आणि परत येतात. आपण तसे करणार नाही. आपण ही नदी एखाद्या जुन्या दप्तरासारखी वाचणार आहोत. कारण या शहराने पाण्याशी जो व्यवहार केला, त्याचा सगळा हिशेब या काठांवर मांडलेला आहे.

आधी नकाशा उघडा. बंगालच्या उपसागरापलीकडे ब्रह्मदेश, आणि त्याला लागून थायलंड. १९३९ पर्यंत जगाला हा देश सयाम या नावाने ठाऊक होता. उत्तरेकडून येणाऱ्या पिंग आणि नान या नद्यांचा संगम नाखोन सावन या गावी होतो. गावाचे नाव कानाला जवळचे वाटते ना? नाखोन म्हणजे नगर आणि सावन म्हणजे स्वर्ग. तिथून पुढे ३७२ किलोमीटर वाहून जी समुद्राला मिळते ती चाओ फ्राया. चाओ फ्राया ही तिथल्या सरदारांची मोठी पदवी. आणि नदीला थाई भाषेत सामान्य शब्द आहे 'मे नाम'. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. आपण नदीला माय म्हणतो, तेही तसेच म्हणतात.

चला, आता बोटीत बसू. शहराच्या दक्षिण भागात साथोनचा धक्का आहे. इथून रोज कामावर जाणारी माणसे, शाळकरी पोरे, भिक्षू आणि प्रवासी एकाच बोटीत चढतात. ही बोटसेवा १९७१ पासून चालू आहे. बोटीवर रंगीत निशाण असते. कोणत्या रंगाची बोट कुठल्या धक्क्यांना थांबते ते लोकांना पाठ, जशी आपल्याला एस. टी.ची पाटी. तिकीट देणारी बाई हातात धातूची लांब नळी खडखड वाजवत गर्दीतून येते. बोट धक्क्याला लागताना खलाशी शिट्टी फुंकतो. त्या शिट्टीच्या खुणेवर चालक बोट मागे घेतो, पुढे घेतो आणि लोक टणाटण उड्या मारून उतरतात.

आपण प्रवाहाच्या विरुद्ध, उत्तरेला निघालो आहोत. म्हणजे उजव्या हाताला पूर्वकाठ, डाव्या हाताला पश्चिमकाठ. पश्चिमकाठाला थोनबुरी म्हणतात. धनपुरी हेच ते नाव, थोडेसे झिजलेले.

उजव्या हाताला जुनी जकातकचेरी आणि मोठमोठ्या व्यापारी पेढ्यांच्या इमारती दिसू लागतात. १८५५ साली इंग्रजांच्या वतीने सर जॉन बाउरिंग याने सयामशी तह केला. त्या तहाने आयात मालावरची जकात ३ टक्क्यांवर बांधली गेली आणि परदेशी व्यापाऱ्यांना दारे उघडली. मग या काठावर वखारी उठल्या, भाताच्या गिरण्यांची धुराडी उठली, आणि आतल्या मुलखातला तांदूळ पडावांतून येऊन इथे जहाजांवर चढू लागला. जवळच पोर्तुगालचा दूतावास आहे. त्याची जागा १८२० साली मिळाली, आणि बँकॉकमधला तो सर्वांत जुना दूतावास मानतात. पोर्तुगीज इकडे कसे आले, याचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतले, आणि त्याच साली आपला दूत सयामच्या राजाकडे धाडला. गोव्याची शाई वाळते न वाळते तोच हे लोक इथे पोचले होते.

थोडे पुढे डावीकडे थोनबुरीच्या बाजूला, पश्चिम भारतातून आलेल्या बोहरा व्यापाऱ्यांनी बांधलेली मशीद आहे. उजवीकडे चिनी वस्ती, सांपेंग. या वस्तीची हकीकत लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता एक लोखंडी पूल डोक्यावरून जातो. हा स्मारकपूल ६ एप्रिल १९३२ रोजी, राजधानीला दीडशे वर्षे झाली त्या दिवशी खुला झाला. तोवर शहराच्या या दोन काठांना जोडणारा रस्त्याचा पूल नव्हता. जे काही होते ते नावेने. पुलापलीकडे डाव्या काठावर कुडी चीन नावाची वस्ती आहे. पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिकांचे देऊळ, बौद्ध विहार, चिनी देवस्थान आणि मुसलमानांच्या मशिदी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. देवळाची जमीन राजाने १७६९ साली दिलेली.

आणि इथे, श्रोतेहो, जरा सावध बसा. डावीकडे एक पांढरा किल्ला दिसतो आहे आणि त्याच्या कडेने एक कालवा आत वळतो आहे. या कालव्याचे नाव बँकॉक याई. साधा कालवा म्हणून प्रवासी त्याच्याकडे बघतही नाहीत. पण खरी नदी ती आहे! पूर्वी चाओ फ्राया याच वाटेने वाहत होती. उत्तरेकडून येणारी नदी इथे पश्चिमेला मोठा वळसा घालायची, घोड्याच्या नालेसारखा, आणि पुन्हा जवळपास त्याच जागी यायची. त्या काळी राजधानी होती वर आयुत्थयाला. आयुत्थया म्हणजे आपली अयोध्या. रामाच्या नगरीचेच नाव तिला दिलेले. समुद्रातून आयुत्थयाला जाणाऱ्या गलबतांना हा वळसा फार जड जायचा. नाव वल्हवून वल्हवून खलाशी थकायचे आणि संध्याकाळी बघतात तर सकाळची जागा हाकेच्या अंतरावर!

१५३४ ते १५४६ या काळात चैराचा नावाचा राजा होता. त्याने वळशाच्या दोन टोकांमधला चिंचोळा भाग खणून काढायचा हुकूम दिला. हे काम १५४२ सालचे मानतात. लांबी सुमारे दोन किलोमीटर. खणणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्या राज्यात रयतेला वर्षातले काही महिने राजाचे काम फुकट करावे लागे, आपण ज्याला वेठ म्हणतो तशी. अशाच हातांनी हा चर निघाला.

पुढे जे झाले ते शेतकरी माणसाला समजावून सांगायला नको. पाटाला फाटा फुटला आणि फाट्याची वाट जवळची व उताराची असली की पाणी कुठून जाते? पाण्याने सरळ वाट धरली. भरती-ओहोटीचा आणि पुराचा जोर त्या चरातून जाऊ लागला, काठ खचत गेले, तळ खोल होत गेला. चर रुंदावून नदी झाला. आणि मूळची नदी गाळाने आकसून कालवा होऊन बसली. आज तिच्या एका टोकाला बँकॉक याई, म्हणजे थोरले बँकॉक, म्हणतात आणि दुसऱ्या टोकाला बँकॉक नोई, म्हणजे धाकटे बँकॉक.

आता बोट त्या खणलेल्या भागात शिरली आहे. डावीकडे बघा. पाण्यातून वर चढत गेल्यासारखा तो उंच शिखराचा विहार म्हणजे वट अरुण. वट म्हणजे विहार, आणि अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी आयुत्थया जाळली, लुटली, ओस पाडली. ताकसिन नावाचा सेनापती थोड्या लोकांनिशी निसटला, त्याने पुन्हा सैन्य उभे केले आणि इथे थोनबुरीला राजधानी केली. तो पहाटेच्या वेळी या विहाराशी येऊन पोचला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. शिखराचे आजचे भव्य रूप पुढे एकोणिसाव्या शतकात आले. त्यावर जी रंगीत फुले चमकतात ती शिंपल्यांची आणि चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांची आहेत. चीनहून येणाऱ्या गलबतांत बुडाला भार म्हणून असली भांडी भरून आणत, असे सांगतात. कारागिरांनी त्या भाराचे नक्षीकाम केले.

उजवीकडे वट फो. तिथे पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांबीची मूर्ती आहे. आणि त्याच्या पुढे राजवाडा. १७८२ च्या एप्रिलमध्ये ताकसिनची सत्ता गेली, तो मारला गेला, आणि त्याचा सेनापती गादीवर आला. पहिला राम या नावाने आज त्याला ओळखतात. त्याने राजधानी पश्चिमकाठावरून पूर्वकाठावर आणली. कारण उघड होते. ब्रह्मी फौजा पश्चिमेकडून यायच्या. पूर्वेला राहिले तर मधे नदीचा खंदक. म्हणजे जलवाहतुकीसाठी खणलेला चर अडीचशे वर्षांनी तटबंदी म्हणून उपयोगाला आला.

पण पूर्वकाठ काही मोकळा नव्हता. तिथे चिनी व्यापारी राहत होते. त्यांना उठवून दक्षिणेला तटाबाहेर बसवले. तीच मघाची सांपेंग. नदीकडची बाजू नदीने सांभाळली. जमिनीकडच्या बाजूला १७८३ साली मोठा कालवा खणून शहराचे बेट केले. त्यासाठी कंबोडियातून हजारो मजूर आणले, तटासाठी लाओ मुलखातले कैदी लावले. विटा कुठल्या? उद्ध्वस्त आयुत्थयाच्या. जुन्या राजधानीच्या भिंती उतरवून, पडावांत घालून, नदीने खाली आणल्या. तटावर १४ बुरूज होते. आज दोनच उभे आहेत. त्यांतला एक, सुमेरू पर्वताचे नाव असलेला फ्रा सुमेन, थोडे पुढे गेल्यावर उजव्या काठावर दिसतो.

या नव्या शहराला राजाने नाव दिले तेही ऐका. बँकॉक हे परदेशी लोकांच्या तोंडचे नाव. थाई लोक म्हणतात क्रुंग थेप, देवांचे नगर. पूर्ण नाव इतके लांब की दम लागतो. त्यात महानगर आहे, अमर आहे, रत्न आहे, अयोध्या आहे. शेवटी असे म्हटले आहे की हे नगर शक्राने, म्हणजे इंद्राने, दिले आणि विश्वकर्म्याने बांधले. कंबोडियाच्या मजुरांचा उल्लेख अर्थातच नाही.

याच राजाच्या काळी थाई रामायण, रामकियेन, नव्याने रचले गेले. राजवाड्यातल्या विहाराच्या ओवऱ्यांत त्याची १७८ भित्तिचित्रे आहेत. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही बरं का! हे आपल्या गावच्या पारावर सांगितले तर संध्याकाळ वादात जाईल.

आता डावीकडे सिरिराज रुग्णालय, १८८८ साली सुरू झालेले. त्याच्या पलीकडे बँकॉक नोईचे तोंड. इथे आपली खणलेली नदी संपली. मोठी बोट सोडून आपण 'हांग याओ' नावेत बसू. हांग याओ म्हणजे लांब शेपटाची. मोटारीचे इंजिन, त्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाणी कापणारा पंखा. उथळ पाण्यात दांडा उचलून धरता येतो. ही नाव आपल्याला जुन्या नदीत, त्या विसरलेल्या वळशात घेऊन जाते.

आत शिरताच राजनौकांचे संग्रहालय लागते. 'सुवर्णहंस' ही त्यांतली सर्वांत देखणी, १९११ साली पाण्यात उतरलेली. लांबी सुमारे ४६ मीटर, वल्हेकरी ५०. २०२४ च्या ऑक्टोबरात राजाच्या बहात्तराव्या वर्षानिमित्त ५२ नौकांची मिरवणूक निघाली होती. पुढे कालव्याच्या दोन्ही बाजूंना खांबांवर उभी लाकडी घरे. पायऱ्या थेट पाण्यात. फुलझाडांच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, आंघोळ करणारी मुले. विहारासमोर माशांची झुंबड, कारण तिथे कुणी गळ टाकत नाही. दूरवर वट पाकनामच्या बुद्धाची ६९ मीटर उंच मूर्ती दिसते. ती २०२१ साली पुरी झाली.

श्रोतेहो, एके काळी सारे बँकॉक असे होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीकाठी घरांचे तराफेच्या तराफे बांधलेले असत; दुकानेही त्यांवरच. पूर आला की घर वर, ओसरला की खाली. पाहुणा यायचा तो नावेने, भिक्षू भिक्षेला निघायचा तोही नावेने. १८३७ ते १८४० या काळात खणलेला साएन साएप कालवा तर शहरातून पूर्वेच्या मुलखात जातो. त्यातून आजही गर्दीच्या वेळी बोटी भरभरून धावतात.

मग रस्ते आले. १८६१ साली परदेशी वकिलातींच्या लोकांनी राजाकडे अर्ज केला की घोड्यावर, गाडीत बसून हवा खायला इथे रस्ता नाही, त्यामुळे आमच्या प्रकृती बिघडतात. राजाने चारोएन क्रुंग नावाचा रस्ता बांधला. तो १८६४ साली पुरा झाला. पुढे रस्ते वाढत गेले. त्यांच्यासाठी कालवे बुजवले. सीलोम रस्त्याचा कालवा नाहीसा झाला. साथोनचा कालवा दोन रस्त्यांच्या मधे अंग चोरून राहिला.

इथे जरा थांबून विचार करू. रस्ता हवा होता यात चूक काही नाही. दवाखान्यात लवकर पोचायला, शाळेत जायला, माल न्यायला रस्ता लागतोच. पण कालवा तीन कामे करत होता. तो रस्ता होता, शहराभोवतीचा खंदक होता आणि पावसाळ्यात पाण्याला पसरायची जागा होता. डांबरी रस्त्याने पहिले काम घेतले. खंदकाची गरज तोफा बदलल्यावर संपली. तिसरे काम मात्र कुणीच अंगावर घेतले नाही.

त्यात आणखी एक भर पडली. कारखान्यांनी आणि वस्त्यांनी जमिनीखालचे पाणी उपसले. खालचा चिखल बसत गेला आणि शहर खचू लागले. १९८० च्या सुमारास काही भागांत वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत. पुढे उपशावर निर्बंध आले, खचणे मंदावले. पण समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीच्या शहराला गेलेली उंची परत कुठून मिळणार?

२०११ साली हिशेब पुढे आला. उत्तरेत पाऊस अतोनात झाला. मोठी धरणे भरली आणि पाणी सोडावे लागले. ऑक्टोबरात ते आयुत्थयाचे कारखाने बुडवत बँकॉकच्या वेशीवर आले. सरकारने ठरवले की शहराचा गाभा वाचवायचा. मोठमोठ्या वाळूच्या पोत्यांचे लांबच लांब बांध घातले, कालव्यांचे दरवाजे लावून घेतले. गाभा बहुतांशी कोरडा राहिला. आणि पोत्यांच्या पलीकडच्या वस्त्यांत पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिले, काळे पडले, कुजले. काही ठिकाणी चिडलेल्या लोकांनी बांध फोडले, दरवाजे उघडायला लावले. त्या वर्षीच्या पुरात देशभर आठशेहून अधिक माणसे दगावली. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज सुमारे १ लाख ४२ हजार ५०० कोटी बाट असा केला.

शहर वाचवणारे दुष्ट नव्हते. राजधानी बुडाली असती तर देशाचा कारभारच थांबला असता, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण बाहेरच्या घरातल्या म्हातारीने विचारले, "माझ्या दारात पाणी किती दिवस राहायचे, हे कुणी ठरवले?" तर त्याला काय उत्तर द्यावे? बेट करून राजधानी राखायची रीत १७८३ सालची. तेव्हा शत्रू बाहेर होता. २०११ साली बेटाबाहेर होती ती त्याच शहराची माणसे होती.

गुरुजी, वर्गात फळ्यावर हा वळसा जरूर काढा. आधी नदी, मग चर, मग चराची नदी आणि नदीचा कालवा. मग मुलांना विचारा, आपल्या गावातला कुठला ओढा पूर्वी दुसरीकडून वाहत होता? म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. त्यांना विचारून मुलांनी नकाशा करावा. बँकॉकचा इतिहास असाच जुन्या वाटा जुळवून कळला आहे.

जाता जाता एक सांगतो. थायलंडात बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, साधारण आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, लॉय क्राथोंग हा सण असतो. आपण त्रिपुरी पौर्णिमेला दिवे सोडतो तसेच. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानांची नाव करतात, त्यात फुले, उदबत्ती आणि दिवा ठेवून ती पाण्यात सोडतात. हात जोडतात ते फ्रा मे खोंखाला. खोंखा म्हणजे गंगा. वर्षभर तुझे पाणी वापरले, तुझ्यात घाण टाकली, क्षमा कर, असे तिला म्हणतात. त्या रात्री चाओ फ्रायावर दिव्यांची रांग वाहत जाते. आणि दिवस उजाडायच्या आत महापालिकेचे कामगार नावा घेऊन पाण्यात उतरतात आणि लाखोंच्या संख्येने विझलेले ते द्रोण एकेक करून नदीतून बाहेर काढतात.